झाड पाडलं, बुडखा उरला. किसायचा की उपटायचा?

परसदार (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. घरामागच्या आवारात एक जुनी निलगिरी होती, कलायला लागली होती म्हणून रीतसर परवानगी काढून पाडली. पाडणाऱ्याने विचारलं किती खाली कापू, मी मोठ्या रुबाबात सांगितलं अगदी जमिनीलगत काप, पायात यायला नको. आता तिथे अडीच फूट व्यासाचा बुडखा आहे, घरापासून १२ फुटांवर आणि कंपाउंडच्या भिंतीला जवळजवळ चिकटून. दोन महिन्यांत त्याला चहूबाजूंनी धुमारे फुटलेत. मी रविवारी मोडतो, पुढच्या रविवारपर्यंत ते परत वीतभर.

दोघांना बोलावून दाखवलं. पहिला म्हणाला, मशीन आणतो, अर्ध्या दिवसात किसून भुसा करतो, मुळं राहूदेत, आपोआप कुजतील. दुसरा म्हणाला, किसणं म्हणजे वरवरची मलमपट्टी, जेसीबीने मुळासकट उपटा आणि मोकळे व्हा. पहिल्याकडे किसायचं मशीन आहे आणि दुसऱ्याकडे जेसीबी, हे वेगळं सांगायला नको.

मला तिथे एक लहानसं झाड लावायचंय आणि बसायला फरशीचा ओटा करायचाय. कुणाचं ऐकू? घरगुती उपाय असतील तर तेही सांगा, मीठ वगैरे टाकतात म्हणे.

टिकावधारी
तुम्ही पहिलीच चूक अशी केलीत की आता माझा सल्ला निम्मा फुकट. हाताने काढायचा असेल तर झाड जमिनीलगत कधी कापू नये, छातीएवढं खोड उभं ठेवायचं. तोच तुमचा दांडा. मुळं तोडत जायची आणि खोडाला रेटत राहायचं, एका बाजूची मुळं सुटली की ते हलायला लागतं आणि कुठलं मूळ अजून धरून बसलंय ते तिथेच कळतं. लगत कापलेल्या बुडख्याला धरणार कुठे? टक्कल पडलेल्याची शेंडी शोधण्यातला प्रकार.

मी आणि सासऱ्यांनी फूटभर जाडीचं एक काढलेलं, अडीच दिवस लागले. पहिला दिवस नुसता टिकाव मारण्यात गेला, निम्मे घाव दगडावर. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना सुचलं की पाण्याचा पाईप लावून माती धुऊन काढू. तिथून खरं काम सुरू झालं. माती गेली की मुळं हाताच्या शिरांसारखी उघडी दिसतात, मग करवतीने कापा. कुऱ्हाड नको, कुऱ्हाड खड्ड्यात नीट फिरत नाही आणि मातीतले खडे लागून धार जाते. शेवटचं एक मूळ सरळ खाली गेलेलं, ते पहारीने काही केल्या तुटेना, सासरे खड्ड्यात आडवे होऊन करवत चालवत होते आणि सासूबाई वरून विचारत होत्या, आत काही सापडलं का.

अडीच फुटाच्या निलगिरीच्या नादी मात्र हाताने लागू नका.

हलकंफुलकं
सापडलं का काही?

टिकावधारी
एक चमचा आणि सासऱ्यांची कंबर. दोन्ही वाकलेले.

यंत्रवाला
माझा हा धंदाच आहे, झाडं उतरवणं आणि बुडखे किसणं, त्यामुळे माझ्या बोलण्यातून माझा स्वार्थ वजा करून वाचा.

मशीन म्हणजे उभं फिरणारं एक जड लोखंडी चाक, त्याच्या कडेने टंगस्टन कार्बाइडचे दात. ते वरून दाबत नाहीत. बुडख्याच्या कडेला टेकवून डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवतात, एका फेरीत दोनेक इंच खाली, मग थोडं पुढे, परत तसंच. घाई करून एकदम खोल घातलं तर चाक अडकतं नाहीतर दात जातो.

आता खोली, आणि सगळी भांडणं इथेच होतात. वर नुसतं गवत लावायचं असेल तर जमिनीखाली ४ ते ६ इंच पुरतं. झुडूप लावायचं असेल तर फूटभर तरी घ्या. "किसून दिलं" हे सगळेच म्हणतात, पण कुठपर्यंत ते आधी ठरवा आणि काम चालू असताना टेप घेऊन उभे राहा, मला कधी राग आलेला नाही. आणखी एक खूण सांगतो, भुशाचा रंग बघा. लाकूड आहे तोवर फिकट, तंतू असलेला चुरा उडतो. तो मातकट व्हायला लागला की तिथलं लाकूड संपलं. कडेला मातकट आणि मधे अजून फिकट असेल तर काम बाकी आहे.

व्यास मोजायचा तो जमिनीपाशी, जिथे मुळांचा घेर पसरायला लागतो तिथे सर्वात रुंद जागी. गिऱ्हाईक वरचा काप मोजून अडीच फूट सांगतं आणि मी आलो की साडेतीन निघतो, मग तोंड वाकडं. वरून दिसणारी लांब मुळं किसायची की नाही, भुसा उचलायचा की नाही, खड्डा भरायचा की नाही, हे सगळं वेगवेगळं काम असतं. आधीच बोलून घ्या.

आणि भिंतीला चिकटून आहे म्हणालात त्याचं काय? चाकाला आणि त्याच्या झाकणाला जागा लागते, भिंतीकडची चार-सहा इंचाची फोड मशीनने निघत नाही. ती हाताने काढावी लागेल. राहिली तर निलगिरी तुम्हाला विसरू देणार नाही.

घरचावैद्य
एवढा खर्च कशाला, बुडख्याला ड्रिलने भोकं पाडा, त्यात सैंधव सोडून कुठलंही जाडं मीठ भरा, वरून पाणी घाला, प्लॅस्टिकने झाका. आपोआप मरतो. एप्सम सॉल्टने तर अजून लवकर. मी स्वतः केलंय.

मातीमाय
@घरचावैद्य, केलंत ते ठीक, पण किती दिवसांनी मेला आणि त्या जागी नंतर काय उगवलं तेही लिहा.

साधं मीठ म्हणजे सोडियम. ते बुडख्यातच गुपचूप बसून राहत नाही, पावसाने आजूबाजूला झिरपतं, चिकण मातीचा पोत बिघडवतं आणि तिथे पुढचं काही धड रुजू देत नाही. धागाकर्त्यांना तिथेच झाड लावायचंय! एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते भरपूर भरलं तर लाकूड थोडंफार सुकवेल, कुजवणार नाही. आणि मुळात मारणं वेगळं, कुजवणं वेगळं, लोक या दोन गोष्टी एकात घालतात. कुजवायचं काम बुरशी करते आणि बुरशीला ओल हवी, हवा हवी, नत्र हवं. म्हणून बाजारात बुडखा कुजवायची जी पावडर मिळते ती बहुतेक पोटॅशियम नायट्रेट असते, म्हणजे लाकडात नसलेलं नत्र बाहेरून दिलं. तेही मेलेल्या, सुकलेल्या लाकडावर. हिरव्या बुडख्यात घालून उपयोग नाही. आणि तरी महिने लागतात, मोठ्या कठीण लाकडाला वर्षं.

घरचावैद्य
दोन वर्षांनी. आणि उगवलं काही नाही, खरं आहे. पण मला काही उगवायला नकोच होतं.

मातीमाय
मग तुमचा उपाय यशस्वी आहे. :)

जरानिवांत
भोकं पाडून रॉकेल ओतून पेटवून द्या. आमच्याकडे लहानपणी असंच करायचे.

यंत्रवाला
हे करू नका, कृपया. जाड मूळ जमिनीखाली धुमसत राहतं, वरून विझल्यासारखं दिसतं आणि काही दिवसांनी भलतीकडे धूर निघतो. घरापासून १२ फूट म्हणालेत ते. आणि वर कुणी सांगितलेला नायट्रेटवाला प्रयोग आधी केला असेल तर तो पदार्थ आगीला प्राणवायू पुरवतो, मग बघायलाच नको.

सिमेंटसखा
झाडापेक्षा तुमच्या ओट्याबद्दल लिहितो, कारण उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

किसल्यावर जमिनीखाली मुळं राहतात. ती कुजतात, म्हणजे आज जिथे लाकूड आहे तिथे काही वर्षांनी पोकळी. वर गवत असेल तर जमीन थोडी बसते, तुम्ही वर्षातून एकदा दोन घमेली माती टाकता, विषय संपला. वर फरशी असेल तर फरशी बसते, आणि ती एकसारखी कधीच बसत नाही, एक कोपरा खाली जातो, पाणी साचतं. भुशाच्या खड्ड्यावर मुरूम टाकून फरशी केलेली मी पाहिली आहे, पहिल्या पावसाळ्यानंतर ताटासारखी डगडग.

म्हणून बुडख्याच्याच जागी ओटा हवा असेल तर दुसरा माणूस बरोबर आहे, मुळांचा गड्डा पूर्ण काढा, खड्डा थराथराने भरून ठोकून घ्या. ओटा बाजूला सरकवता येत असेल तर पहिला बरोबर.

मात्र जेसीबीची दुसरी बाजू. त्याला आत यायला आठेक फुटांची वाट लागते, वाटेतली माती दबून दगड होते, आणि तो गड्डा उचलतो तेव्हा मुळं जिथे जिथे गेलीत तिथली जमीन वर येते. भिंतीला चिकटलेल्या झाडाची मुळं भिंतीच्या पायाखालून गेलेली असणारच. ती ओढली की भिंत पण विचार करायला लागते.

अजून एक. तुमच्याकडे काळी, भेगा पडणारी माती आहे का? अशा मातीतून मोठं झाड वर्षानुवर्षं पाणी ओढत असतं. झाड गेलं की माती परत ओल धरून फुगते आणि हलका पाया उचलला जाऊ शकतो. झाड घराच्या आधीपासूनचं असेल तर जास्त काळजी. घाबरवत नाहीये, भिंतीला भेगा येतात का यावर वर्षभर लक्ष ठेवा एवढंच.

परसदार
माती लालसर मुरमाड आहे, म्हणजे त्या एका काळजीतून सुटलो. झाड घरानंतरचं. ओटा सरकवता येईल का हे मी विचारलंच नव्हतं स्वतःला, बुडखा त्या जागी होता म्हणून ओटाही त्याच जागी असं डोक्यात बसलेलं.

वाटसरू७
ड्रेनेजचा पाईप, पाण्याची लाईन, केबल कुठून गेलीत ते आधी शोधा बरं का. आमच्याकडे मशीनवाला (नाव घेत नाही) म्हणाला खाली काही नाही ना, मी म्हटलं नाही. मला काय माहीत, घर आधीच्या मालकाने बांधलेलं. दहा मिनिटांत कारंजं. पाणी बंद करायची चावी कुठे आहे हे शोधण्यात अजून वीस मिनिटं, तोपर्यंत भुसा, माती, पाणी सगळं मिळून शेजाऱ्यांच्या दारात. शेजारी आजोबा शांतपणे छत्री घेऊन बाहेर आले. मशीनवाला म्हणाला तुम्हीच नाही म्हणालात, मी म्हटलं तुम्हीच बघायला हवं होतं, आणि खरं म्हणजे दोघांचीही चूक होती.

मुळं पाण्याच्या शोधात पाईपाला बिलगूनच वाढतात, तेव्हा बुडख्याखाली पाईप असण्याची शक्यता कमी नाही, जास्तच.

हलकंफुलकं
आजोबा छत्री घेऊन आले ही या धाग्यातली आतापर्यंतची सर्वात उपयुक्त माहिती.

नुसतीवाचक
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या आवारात नारळाचा बुडखा आहे, दोन वर्षं झाली, एकही धुमारा नाही. हे नशीब की अजून यायचेत?

मातीमाय
येणार नाहीत. नारळाला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो गेला की झाड संपलं. निलगिरी, सुबाभूळ, साग अशा झाडांना सालीखाली झोपलेले डोळे असतात, वरचं खोड गेलं की ते जागे होतात, आणि खाली मुळांत साठवलेलं अन्न तयारच असतं, म्हणून परसदार यांचे धुमारे आठवड्यात वीतभर. त्यांनी ते दर रविवारी मोडणं चुकीचं नाही, मुळांची शिल्लक खर्ची पडते, पण निलगिरीची शिल्लक मोठी असते, कुणाचा धीर आधी सुटतो ते सांगता येत नाही.

नारळाचा बुडखा मात्र तंतुमय, किसताना काथ्यासारखा गुंतत असेल, यंत्रवाले सांगतील.

यंत्रवाला
चाकाला दाढी येते अक्षरशः. दर थोड्या वेळाने बंद करून सुरीने कापून काढावी लागते. पूर्ण बंद करून, किल्ली खिशात टाकून, हे लिहून ठेवतो. चाक जड असल्याने इंजिन बंद झालं तरी बराच वेळ फिरत राहतं, थांबलंय असं वाटून हात घालणारे असतात.

बुडखाप्रेमी
सगळे उठून त्याच्या मागे लागलात, कुणी विचारलं का की राहू दिला तर काय बिघडतं? कुजणाऱ्या लाकडात किडे येतात, किड्यांसाठी पक्षी येतात. इंग्लंडमध्ये बिडल्फ ग्रेंज म्हणून बाग आहे, तिथे १८५६ साली उपटलेले बुडखे मुळं वर करून रचले आणि मधल्या फटींत नेचे लावले. त्या प्रकाराला तिकडे वेगळं नाव आहे आणि लोक ते बघायला जातात.

दुसरी गंमत, न्यूझीलंडमध्ये कौरी झाडाचा एक बुडखा सापडला, एकही पान नाही, तरी जिवंत. ऑकलंडच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. शेजारच्या कौरींशी त्याची मुळं जुळलेली, दिवसा झाडं पाणी ओढतात तेव्हा याच्यातला प्रवाह मंदावलेला, रात्री झाडं निवली की याच्यातून पाणी वाहतं. शेजारी पोसतायत त्याला! आणि आपण जेसीबी आणतोय.

जरानिवांत
शेजारी पोसतात हे वाचून आमच्या सोसायटीतला एक सभासद आठवला.

मातीमाय
कौरीची गोष्ट सुंदर आहे आणि इथे कामाचीही आहे. बुडख्यावर तणनाशक लावायचा सल्ला कुणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहिते. शेजारी त्याच जातीचं दुसरं झाड असेल आणि मुळं जुळलेली असतील तर औषध त्याच्यातही जाऊ शकतं. एकटं झाड असेल तर प्रश्न नाही.

लावायचंच तर ताज्या कापावर, कापल्यापासून काही मिनिटांत. परसदार यांचा काप दोन महिन्यांचा सुकलेला आहे, त्यावर ओतणं म्हणजे टेबलावर ओतणं. वरून एक पातळ चकती परत कापायची आणि सालीच्या लगतच्या बाहेरच्या कड्यालाच ब्रशने लावायचं, जिवंत भाग तेवढाच. मधलं गाभ्याचं लाकूड आधीच मेलेलं असतं, तिथे ओतलेलं वाया. बाटलीवरची सूचना वाचून, हातमोजे घालून. पण किसणारच असाल तर याची फारशी गरज पडत नाही.

आणि बुडखाप्रेमी, एका बाबतीत मी तुमच्या विरुद्ध. झाड रोगाने मेलं असेल तर बुडखा ठेवू नये. आर्मिलारिया नावाची बुरशी मेलेल्या बुडख्यातून काळ्या बुटाच्या नाडीसारखे धागे सोडत जमिनीतून शेजारच्या झाडांपर्यंत जाते. अमेरिकेत ओरेगनच्या मलहूर जंगलात तिचा एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलाय. नारळाच्या गॅनोडर्मा बुरशीचंही तेच, मेलेल्या माडाचा बुडखा काढतात तो यासाठी.

बुडखाप्रेमी
रोगी असेल तर मान्य. निलगिरी नुसती कलली होती पण.

दोरखंड
कुणी गाडीला बांधून ओढायचं सुचवलं नाही अजून? मीच सांगतो, करू नका. मित्राच्या पिकअपला नायलॉनचा दोर बांधून ओढत होतो, दोर ताणला, ताणला, बुडखा जागच्या जागी, गाडीची मागची चाकं खड्डा करतायत, आणि आकडा सुटला. मागच्या काचेतून आत, पुढच्या काचेला तडा. आत मित्र होता, खाली वाकून रेडिओ लावत होता म्हणून वाचला. कोणतं गाणं लावत होता ते मी अजून विचारलेलं नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत माणूस असूच नये.

टिकावधारी
चेनकप्पी लावली असतीत तर हळूहळू ओढता आलं असतं. पण मुळं न तोडता ओढणं कशानेही बरोबर नाही.

परसदार
मंडळी, मनापासून धन्यवाद, एवढं वाचून ठरवलं असं: ओटा घराकडे आठ फूट सरकवतोय, तसाही तिथे संध्याकाळी सावली असते. बुडखा किसतो. आता तीन शंका. भुशाचं काय करायचं? नवीन झाड त्याच खड्ड्यात लावू का? आणि वाळवी?

मातीमाय
तिन्ही प्रश्न एकाच ढिगाचे आहेत. भुसा किती निघतो याचा अंदाज कुणालाच नसतो, बुडखा दिसत होता त्याच्या दोन-तीनपट ढीग होतो कारण लाकूड फुगून मोकळं होतं आणि त्यात माती मिसळते. लोक तोच खड्ड्यात परत लोटतात आणि वर रोपं लावतात, मग रोपं पिवळी. लाकडाच्या चुऱ्यात कर्ब प्रचंड, नत्र नावाला, भुशात हे प्रमाण चारशेला एक असं असतं. त्याला कुजवणारे जीव लागणारं नत्र मातीतून उचलतात आणि तुमच्या रोपाला काही ठेवत नाहीत. जमिनीवर पसरलात तर हा त्रास फक्त वरच्या पातळ थरापुरता, म्हणून तोच भुसा मोठ्या झाडांच्या आळ्यावर दोन-तीन इंच घाला, खोडाला न टेकवता. उरलेला कंपोस्टच्या खड्ड्यात, शेणखताबरोबर. खड्डा मात्र चांगल्या मातीने भरा, आणि जमिनीपेक्षा थोडा उंच भरा, बसणारच आहे.

नवं झाड जुन्या खड्ड्यात नको, तीनेक फूट तरी सरकून. तिथे रोपाला मुळं पसरायला जुनी लाकडं आडवी येतात.

वाळवी मेलेल्या लाकडावर येतेच, तो तिचा धर्म आहे. भुसा आणि लाकडं घराच्या भिंतीला लावून ठेवू नका.

यंत्रवाला
भिंतीकडच्या फोडीचं विसरू नका असं परत सांगतो. आणि किसायच्या आधी बुडख्याभोवतीचे दगड-विटा वेचा, खोडात ठोकलेले खिळे, तारा बघा. कपडे वाळत घालायची तार झाडाला बांधलेली असते, झाड ती गिळतं आणि मालक विसरतो. दात तुटला तर माझं नुकसान, पण उडालेला खडा खिडकीपर्यंत जातो. घराच्या बाजूला पत्रा किंवा प्लायवूड उभं करायला सांगा, मुलं आणि कुत्री घरात.

परसदार
अपडेट. झालं काम. मशीन मागच्या छोट्या फाटकातून जेमतेम आलं, दोन बोटं शिल्लक. पाईप आधी शोधला, नशिबाने दुसऱ्या बाजूने होता. दोन तास लागले. यंत्रवाल्यांनी सांगितलेला रंगाचा प्रकार बघत उभा होतो, खरंच, आधी गुलाबीसर चुरा, मग एकदम मातकट. मधेच आवाज बदलला, गुरगुरत होतं ते एकदम किंचाळलं. माणसाने ताबडतोब उचललं. काय निघालं? कपडे वाळत घालायची तार. मी नाही, वडिलांनी बांधलेली. तिचं एक वेटोळं खोडाच्या आत, लाकूड त्याच्याभोवती ओठ मिटल्यासारखं मिटलेलं. तो तुकडा ठेवून घेतलाय.

खोली टेपने मोजली, १३ इंच. ढीग बघून बायको म्हणाली, झाड पाडलं की आणलं?

भिंतीकडची फोड राहिली. तो म्हणाला छिन्नीने काढून घ्या, मी म्हटलं बघतो.

यंत्रवाला
"बघतो" वाचलं.

नुसतीवाचक
मीही वाचलं.

परसदार
सात महिन्यांनी धागा वर काढतोय. ओटा झाला, फरशी अजून सपाट आहे. खड्डा चार बोटं बसला, दोनदा माती टाकली. पावसाळ्यात तिथे पांढरी भूछत्रं उगवली गोल करून, मुलांना हात लावू दिला नाही, आठ दिवसांत आपोआप गेली. ती जमिनीतली मुळं कुजतायत त्याची, बरोबर ना? नवीन झाड साडेतीन फुटांवर लावलंय, पारिजातक, कमरेएवढा झालाय.

आणि हो. भिंतीला लागून, जिथे फोड राहिली होती बरोबर तिथे, निळसर पानांचा एक धुमारा. हातभर. गेल्या आठवड्यात पाहिला, आज छिन्नी आणलीय.

मातीमाय
भूछत्रांचं बरोबर, अजून दोन-तीन पावसाळे येतील. छिन्नी मारताना फोड सालीसकट निघाली पाहिजे, साल राहिली की डोळे राहिले.

यंत्रवाला
भिंतीला प्लायवूड टेकवून मग घाव घाला. गिलावा पडला तर परत धागा काढाल.

हलकंफुलकं
छत्री तयार ठेवा.

टिकावधारी
धुमारा हातभर आहे ना? मग अजून कापू नका तो. तोच धरायला आहे.